घोडीवर लोटू

लिंबायतच्या मराठी शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला हिलाल लग्नाच्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. पॉवरलूमवर तो बारा-बारा तास उभा राही. तिथला खडखडाट एकसारखा, म्हणून त्याला चालायचा. पण ताशा मध्येच तडतडला की कान दाबून खाली बसायचा. नवा शर्ट आठ वेळा धुतल्याशिवाय अंगाला लावू देत नसे. आज डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. १९९६ साली आमच्या गल्लीकडे 'येडा' एवढा एकच शब्द होता आणि त्या शब्दापायी दोन स्थळं मोडली होती.

तिसरं जमलं नूतनचं. हळद फक्त पायाच्या अंगठ्याला, तीही टिकलीएवढी, हे हिलालच्या आईने, उषाबाईंनी, बायकांकडून कबूल करून घेतलं. राहिला बॅन्ड. आमच्याकडे नवरदेव मारुतीला नमस्कार करून घोडीवर बसतो, आणि तो मांडवात पोहोचेपर्यंत बॅन्ड थांबत नाही.

"गुर्जी, लग्न लागेपर्यंत त्याला सोडू नका," उषाबाई म्हणाल्या. "हेही मोडलं तर मी काय करू?"

हिलालने मला आधीच विचारून ठेवलं होतं, की सेहरा बांधल्यावर नवरदेवाचं तोंड कोणाला दिसतं का. मी म्हटलं, नाही. प्रश्न कशासाठी आहे, हे मला लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळामागे कळलं. तिथे त्याने सेहरा आणि कोट लूमवर सोबत काम करणाऱ्या लोटूला चढवले, त्याला घोडीकडे धाडलं आणि स्वतः मागच्या गल्लीने चालू लागला. त्याला सोडायचं नव्हतं, म्हणून मीही चालू लागलो.

मांडवात नूतनचे पंडितमामा आम्हाला बघून भडकले. असा पायी येतो का नवरदेव? लोक म्हणत होते ते खरंच म्हणायचं. आत्ताच्या आत्ता लग्न मोडा.

हिलालने खिशातून पत्रिका काढली. "मुहूर्त अकरा बावन्नचा छापलाय. वरातवाले अजून देवळाजवळच नाचताहेत."

नूतन आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिने आधी हिलालकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"मामा, तुमच्या लग्नात तुम्ही किती वाजता पोहोचला होता?"

मामी फिस्सकन हसल्या. तीन तास उशीर झाला होता, आणि जेवण निवून गेलं होतं, हे त्यांनी सगळ्या मांडवाला सांगितलं. मामांनी थोडा वेळ मिशा चोळल्या. मग स्कूटर काढली आणि वरातीतून उषाबाईंना मागे बसवून आणलं. हेही लग्न मोडलं असं समजून त्या रस्ताभर रडत आल्या. मांडवात मुलाला पाटावर बसलेलं बघून पदर तोंडाला लावला तो हसू दाबायला.

अकरा बावन्नला अक्षता पडल्या. वरात आली साडेबाराला. दारात बायकांनी लोटूला ओवाळलं, कुंकू लावायला सेहरा वर केला आणि ताट तसंच हातात राहिलं.

बॅन्ड वाजतच होता. हिलाल कानांवर हात ठेवून बॅन्डमास्तरपाशी गेला आणि शांतपणे म्हणाला, "नवरदेव पोहोचलाय. आता थांबवा."