एका घराने चुकलेली भिंत

नागेश गेल्याची बातमी मला सकाळी अकराच्या सुमारास कळली. मी त्याच्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहतो. निपाणीतील एका माणसाला तीच बातमी नऊ वाजता कळली होती, आणि मी वडगावातील त्या घरी पोहोचलो तेव्हा तो बस धरून येऊन दारातल्या बाकावर बसलेला होता. चाळिशीचा, तंबाखूच्या वखारीत कारकून. ज्याला तो अण्णा म्हणे त्या नागेशला त्याने आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. तरीही तो रडत होता. मी रडलो नाही. मी चपला काढून त्याच बाकावर, थोडे अंतर ठेवून बसलो. काही वेळाने त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून विचारले,

"तुम्हीबी अण्णांच्यागत भुयार खेळता काय?"

"नाही."

"मग तुमची वळख कशी?"

पन्नास वर्षांच्या मैत्रीला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आतून नागेशची मुलगी सुनंदा म्हणाली, "ते आप्पा. बाबांचे जुने मित्र." तिच्या मनात काही नव्हते. परंतु 'जुने' हा शब्द मला लागला. शब्द तपासणे हाच माझा व्यवसाय होता. कोणता शब्द कुठे काय करतो ते मला कळते. सुनंदाने सकाळी सर्वांत आधी दोन ओळी लिहिल्या होत्या त्या नागेशच्या संगणकावरील खेळाच्या पानावर, कारण "ती मानसं वाट बघत्यात" असे नागेशनेच तिला कधी सांगून ठेवले होते. मला फोन करायचे तिला गडबडीत राहून गेले. तिची चूक नाही. नोंद मात्र करतो.

नागेश साडीच्या काठाची नक्षी आखीत असे. चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवायची. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पडत आणि त्याबरहुकूम मागावर नक्षी उतरे. प्रत्येक चौकटीला ही मंडळी 'घर' म्हणतात. एक घर चुकले की ती चूक साडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा येते. मी खडेबाजारातील एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. त्याचे काम आणि माझे काम एकाच जातीचे, म्हणून आमचे जमले. फरक एवढाच की लग्नपत्रिकेच्या खर्ड्यात एखादे अक्षर खटकले तर नागेश, ज्याला ऱ्हस्व-दीर्घ ठाऊक नव्हते, त्यावर अचूक बोट ठेवी. "हे जरा वाकडं दिसतंय बघ," एवढेच म्हणे. त्याच्या कागदावरील चूक मला मात्र कधीही सापडली नाही. माझ्या मनातील अढी तेव्हापासूनची आहे.

मी ग्रंथपरीक्षणेही लिहीत असे. वीसहून अधिक वर्षे लिहिली. त्या काळात वाचकांची दोन पत्रे आली. त्यांपैकी एक ज्यांच्या ग्रंथाचे परीक्षण होते त्यांचेच होते, आणि ते नाराजीचे होते. छापखाना बंद झाला, नागेशच्या घरचे माग विकले गेले, आणि मग रोज संध्याकाळी पाच वाजता तो सायकलवरून माझ्या ओट्यावर येऊ लागला. चहा होई. फारसे बोलणे होत नसे. ते मला पुरेसे होते. त्यालाही पुरेसे असावे, असे मी धरून चाललो होतो…

तो खेळ त्याच्या घरात आला सुनंदाच्या लॅपटॉपवरून. सुट्टीच्या दिवशी ती खेळत बसली होती आणि नागेश तिच्या पाठीशी उभा होता. "अगं, हे कुणी आखलंय? घरं मोजून आखलंय की!" असे तो ओरडला, आणि त्या दिवसापासून लॅपटॉप तिचा राहिला नाही. एक लहानसे बाहुले हातात कंदील घेऊन जमिनीखालच्या एका जुन्या शहरात उतरते. उड्या मारीत एका दालनातून दुसऱ्या दालनात जाते. काही दारे बंद असतात. पुढे कुठेतरी एखादी नवी विद्या हाती लागली की मागे येऊन ती उघडायची. चित्रे मुद्दाम तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळांसारखी, ठोकळ्याठोकळ्यांची. खेळाचे इंग्रजी नाव नागेशच्या तोंडात बसेना, म्हणून तो त्याला 'भुयार' म्हणे. त्याचे पाहून बाकीचेही म्हणू लागले.

तो पाच वाजता येईनासा झाला. मी चार दिवस वाट पाहिली. त्यानंतर चहा एकाच माणसाचा होऊ लागला.

एके दिवशी तो आला तो हातात कागद घेऊन. जिथून हा खेळ घेता येतो त्या संकेतस्थळावर खेळणारे आपापली मते लिहितात. खेळ घ्यावा की नाही, याची शिफारस करतात. त्यातली बरीच मते तक्रारीची होती: तेच ते रस्ते पुन्हा तुडवावे लागतात, बाहुल्याची उडी जड आहे, नकाशा कळत नाही. नागेशला ते सहन झाले नव्हते. त्याने नक्षीच्या कागदावर शिसपेन्सिलीने उत्तर लिहून आणले होते आणि मी ते तपासावे अशी त्याची इच्छा होती. मजकूर असा होता: "मागं यावं लागतंय म्हणून लोक बोंब मारत्यात. मागावरचा धोटा गेला तसा परत आला न्हाय तर लुगडं कसं हुईल? परत येताना तीच खोली निराळी दिसती. आन उडी जड हाय ती बरोबरच हाय. हातात कंदील हाय, हलकी कशी आसंल?"

मी तांबडी शाई घेतली आणि माझे काम केले. त्याने तो कागद दोन वेळा वाचला.

"आप्पा, ह्यात माझं काय ऱ्हायलं रं?"

"व्याकरण राहिले."

"ते तर माझं नव्हतंच की!" तो हसला, कागदाची घडी घातली आणि गेला. मत त्याने जसेच्या तसे, सर्व चुकांसह टाकले.

लोक आधी हसले. मग वाचू लागले. काही महिन्यांत अशी वेळ आली की नवे कोणी तक्रार करी तेव्हा दुसरा कोणी त्याला विचारी, "अण्णांचं वाचलंस काय?" कोल्हापूरची माणसे लिहीत, निपाणीची लिहीत, धारवाडकडचे कोणी कन्नडमध्ये विचारी आणि नागेश कन्नडमध्ये उत्तर देई. हे सारे मी माझ्या घरच्या संगणकावर वाचीत असे. त्याला कधी सांगितले नाही. एका वाक्यात पाच चुका करणाऱ्या माणसाची लोक वाट पाहत होते. माझी कोणी कधी पाहिली नव्हती.

मग ती भिंत आली. तळ्याकाठच्या एका दालनात उजवीकडच्या भिंतीची वीण नागेशला खटकली. त्याने लिहिले, "ही भिंत एका घरानं चुकलीया. असं आखणारा मानूस चुकत न्हाय. म्हंजे मुद्दाम चुकलाय. तिथं धडका." लोक धडकले. भिंत कोसळली आणि मागे एक खोली निघाली. त्यांतील कितीतरी जण त्या भिंतीजवळून रोज जात होते. कोणालाही ती चूक दिसली नव्हती. त्या दिवशी नागेश सायकल दामटीत माझ्याकडे आला. कपाळावर घाम होता.

"आत काय होते?" मी विचारले.

"काय न्हाय. एक झरा हाय. बसायला जागा हाय."

"मग इतका खटाटोप कशासाठी?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "तुला चूक घावली की तू खोडतोस, आप्पा. मी आत जातो."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी विसरलो असतो. आयुष्यभर मी चुका शोधल्या, हजारो शोधल्या. त्यांपैकी एकीच्याही मागे खोली निघाली नाही. पुढचे काही दिवस मी नीट जेवलो नाही. आणि मग मी जे केले ते इथे लिहिणे भाग आहे, कारण ते वगळून नागेशवर लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मत लिहायचे तर खेळ आपल्याकडे असावा लागतो. म्हणून मी तो घेतला. पहिल्याच दालनात एक खड्डा आहे. त्यात तीनदा पडलो आणि बंद केला. मग खोटे नाव धारण करून लिहिले: "प्रस्तुत खेळ पुनरावृत्तीने ग्रासलेला असून त्यात कल्पकतेचा संपूर्ण अभाव आहे. काही उत्साही मंडळींनी चालविलेली त्याची स्तुती अनाठायी होय. गतकाळाचे अनुकरण म्हणजे कला नव्हे." शिफारस नाही, असा शेरा दिला. मतावर लिहिणारा किती वेळ खेळला तो आकडा आपोआप उमटतो, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या मतावर बारा मिनिटे उमटली. ते मत टाकल्यावर ते पान मी पुन्हा उघडले नाही. आपल्या लिखाणाकडे पाहण्याची लाज वाटण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

तीन आठवड्यांनी नागेश आला. ती आमची शेवटची भेट. बरोबर पाच वाजता आला, ओट्यावर बसला, चहा घेतला. थकलेला दिसत होता, पण बोलण्यात खुशी होती.

"भुयारावर एका मानसानं लई शुद्ध लिवलंय, आप्पा. वाईट लिवलंय, पर शुद्ध."

"कोणी?"

"नाव खोटं हाय. मी त्यांस्नी उत्तर दिलंय." त्याने खिशातून फोन काढला. "वाचून दाखवू?"

"नको," मी म्हणालो. "माझा चष्मा आत आहे."

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. शिवाय वाचणार तो होता. नागेशने माझ्या चष्म्याकडे पाहिले, फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरं. सवडीनं बघ." मग हिंडलग्याला कोणाच्या मळ्यात भुईमूग चांगला आला आहे, असे काहीतरी बोलणे झाले… सांगायला मला एक वाक्य पुरले असते. आठ दिवसांनी सकाळी, अंथरुणातून उठता उठता, त्याचे हृदय थांबले.

त्याला आता पाच आठवडे झाले. गेल्या रविवारी मी ते मत काढून टाकण्यासाठी बसलो. हेतू शुद्ध नव्हता. सुनंदाला किंवा त्या निपाणीच्या कारकुनाला माझा माग लागेल ही भीती होती. पान उघडले. माझ्या मताखाली नागेशचे उत्तर होते. मी टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेले.

"तुमचं मत वाचलं. एकबी चूक न्हाय. म्हणून आत शिरायला वाट घावली न्हाय. तुम्ही बारा मिनिटं खेळलाय, म्हंजे पहिल्या खड्ड्यातच हाय. तिथं सगळी पडत्यात. मी दोन दिवस पडत हुतो. वडगावातच ऱ्हाता, तर सांजच्याला या. दुसरी खुर्ची आणून ठेवलीया. तुमच्याकडं यायला मला काय न्हाय, पर लेकीचा ल्यापटॉप तिकडं आणता येत न्हाय."

मी माझ्या मतात गावाचे नाव लिहिले नव्हते.

मग ठरविल्याप्रमाणे मत काढण्याची खूण दाबली. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की हे मत काढल्यास त्याखालील उत्तरेही काढली जातील, काढायची का? मी नाही म्हणून सांगितले. मतात दुरुस्ती करता येते, असेही तिथे दिसले. तीही केली नाही. माझे शब्द बदलले तर नागेशने उत्तर कशाला दिले ते वाचणाऱ्याला कळणार नाही. ते मत तिथे तसेच आहे. ते खोटे आहे, मत्सराने लिहिलेले आहे आणि माझे आहे.

त्यावरचा मिनिटांचा आकडा तेवढा बदलतो. सुनंदा कामावरून आली की मी तिच्याकडे जातो आणि त्या दुसऱ्या खुर्चीवर बसून माझ्या त्याच खोट्या नावाने खेळतो. पहिला खड्डा ओलांडायला मला चार दिवस लागले. नागेशला दोन लागले होते.