कपाळावरचा पुरावा

शेवगावच्या स्टँडवर पुण्यावरून पुढे इचलकरंजीकडे जाणारी गाडी लागली तेव्हा मला सोडायला दोघंच होती. एक माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आणि दुसरा पोलीस शिपाई. आत्या आपणहून आल्या होत्या. शिपायाला पाठवलं होतं. प्रांतसाहेबांच्या हुकमाने मी नगर जिल्ह्यातून आणि लगतच्या जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार झाले होते, आणि मी खरंच गाडीत बसले हे त्याने ठाण्यात सांगायचं होतं. तडीपार म्हटलं की लोकांना सुरा घेतलेला गुंड दिसतो. मी चाळिशीतली, सातवी झालेली, शेतकऱ्याघरची विधवा. पण त्या सकाळी निघताना शेजारच्या गंगूने माझ्या कपाळाला कुंकू लावलं होतं, आणि आत्यांची नजर तिथून हलत नव्हती.

“कपाळ पुसून बस गाडीत,” त्या म्हणाल्या. “तडीपारी दोन वर्साची हाय. ह्ये जन्माचं हुईल.”

मी पदराने पुसलं. कंडक्टरने घंटी मारली होती, वाद घालायला सवड नव्हती.

खडीवरच्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे सगळं माहीत आहे. पण इकडे इचलकरंजीत कुणाला माहीत नाही, आणि तुमच्यातल्याही कितीतरी जणी आता पोटासाठी चहूकडे पांगल्यात. म्हणून लिहून ठेवते.

दुष्काळात आपण सगळ्याच खडी फोडायला गेलो. बागायतदाराची सून आणि तिच्या शेतावर राबणारी बाई एकाच ढिगाशी बसली. काम मिळालं याबद्दल तक्रार नव्हती. पण टँकर आधी कंत्राटदाराच्या बांधकामावर जायचा आणि उरलं तर आपल्याकडे. तान्ही पोरं उन्हात निजवलेली, वर नुसता लुगड्याचा आडोसा. मला लिहिता येत होतं, म्हणून अर्ज मी लिहायची. मग आपण पन्नाससाठ जणी तहसील कचेरीवर गेलो. टँकर आला, पण पाठोपाठ जमावबंदीही आली. पाच माणसांनी जमायचं नाही. दोघीतिघींनी कामाबद्दल बोललं तरी मुकादम शिपायाला हाक मारायचा. कंत्राटदार स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसला, चहा प्याला आणि आत्यांना म्हणाला, “सुनंला सांभाळा, मावशी. हिरीत पानी न्हाई, पर पडायला खोल हाय.” आत्यांनी त्याची कपबशी विसळली नाही, उकिरड्यावर टाकली.

संक्रांत आली आणि गंगूच्या डोक्यात कल्पना आली. रथसप्तमीपर्यंत बायकांच्या हळदीकुंकवाला कोण अडवणार? दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगाआड हळदीकुंकू करायचं आणि तिथेच ठरवायचं, पोरांच्या सावलीचं कुणाला भेटून सांगायचं. वाण म्हणून बोरं. त्या साली दुसरं होतं काय!

अडचण माझीच होती. मी लांब बसते, तिथून सांगते, असं म्हणाले. गंगू बोटाला कुंकू घेऊन उठली. “लांबून बोललीस तर मुकादमालाबी ऐकू जाईल. हितं ये.” आणि लावलं. बाकीच्यांनी सरकून मला जागा दिली. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी लिहिणार नाही. एवढंच, की मी नंतर बोलले ते नीट बोलले.

पोलीस आले तेव्हा बायकांनी ताटं पुढे केली. फौजदार हुशार होता. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “विधवा बसलेलं हळदीकुंकू कुठं असतं का? ही सभाच आहे.” प्रांतांसमोर हाच पुरावा ठरला. आपल्या मायेनेच आपण पकडल्या गेलो. ती आपण होऊन आली, आम्ही बोलावली नव्हती, असं सांगितलं तर बाकीच्या सुटणार होत्या. मीच त्यांना तसं सांगा म्हटलं होतं. गंगू उभी राहिली आणि म्हणाली, “आमी बोलावली. कुंकू म्या लावलं.” मग एकेक उठली आणि तेच म्हणाली. त्यांना ताकीद मिळाली, मला हद्दपारी.

इकडे मी यंत्रमागवाल्यांच्या कांड्या भरते. सूत हाताला कापतं, पण खडीपेक्षा बरं. शेजारणी ‘काय करालाईस’ विचारतात, मीही आता ‘काय न्हाई की’ म्हणते. महिन्याला ठाण्यात जाऊन पत्ता सांगावा लागतो. पाऊस झाला, कामं बंद झाली, तरी हुकूम तसाच आहे. मध्यंतरी प्रांतांच्या कचेरीतून निरोप आला, की पुन्हा लोकांत बोलणार नाही असं हमीपत्र दिलं तर आधी परत येता येईल. आत्यांना दम्याने धरलं होतं. घरात दुसरं कुणी नाही. मी सही करायच्या बेताला आले होते, हे खरं.

तेवढ्यात आपल्याकडची ऊसतोडीची माणसं इथल्या साखर कारखान्याला आली. त्यांतली गंगूची भावजय मला शोधत आली. आत्यांचा निरोप होता: “सही करून येऊ नगं. म्या काय लगेच मरत न्हाई.” सोबत चिंधीत बांधलेली बोरं, आणि त्यात कुंकवाची पुडी. आत्यांना विधवा होऊन चाळीस वर्षं झाली. बाजारात जाऊन त्यांनी दुकानदारापुढे हात करून कुंकू मागितलं असेल, तेव्हा सारी पेठ बघत राहिली असेल.

हमीपत्र मी दिलं नाही. त्या महिन्यात ठाण्यात गेले तेव्हा हवालदाराने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग समोरच्या कागदाकडे.

“इथं तर विधवा लिहिलंय.”

“आहेच,” मी म्हटलं. “हे घरून आलंय.”