अर्ध्या पाळीची नोकरी

पांडेसऱ्यात, साड्यांच्या मिलांच्या वस्तीत, आमच्या गल्लीत भरदुपारी घरी दिसणारा माणूस एकतर रात्रपाळीवाला असतो, नाहीतर आजारी, नाहीतर कामावरून काढलेला. विद्यापीठात शिकवायला लागल्यावर मी रोज दुपारी, इस्त्रीच्या शर्टात, पाठीला बॅग लावून गल्लीत शिरू लागलो. रात्रपाळी मला नव्हती. तब्येत ठणठणीत होती. उरलं ते गल्लीने ठरवून टाकलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हे मी अभिमानाने सांगतो, आणि कुणी नीट ऐकलं नसेल तर परत सांगतो. वडील, म्हणजे आबा, साड्या रंगवायच्या मिलमध्ये मशीनवर. त्यांची पाळी बारा तासांची. त्याआधी माणूस सुटला तर मिलमध्ये माल नाही, किंवा ठेकेदाराचं डोकं फिरलंय, असा सरळ हिशोब. आणि मला दिवसाला फार तर तीन तासिका. बरं, विषय कोणता, तर श्रमाचं अर्थशास्त्र. कामगाराने किती तास काम करावं, यावर मी वर्गात बोलायचो आणि जेवायच्या वेळेला घरी असायचो.

खरं काम घरी आल्यावरच सुरू व्हायचं. माझी शाळा मराठी आणि शिकवायचं गुजरातीत. एका तासिकेसाठी सगळी दुपार खर्ची पडायची. पण आमच्या एका खोलीत वाचायची जागा म्हणजे खाट. रात्रपाळी करून खाली झोपलेले आबा कूस बदलायचे, तेव्हा त्यांना डोळ्यांसमोर दिसायचा तो खाटेवर उताणा पडून पुस्तक वाचणारा कमावता मुलगा.

"शिकून झालं ना तुझं? मग आता काय वाचतोस?" त्यांनी एकदा विचारलं.

शिकवायलाही वाचावं लागतं, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले की त्यांच्या डाइंग मास्तरला सगळे रंग पाठ आहेत, तो काही घरी जाऊन वाचत नाही. मी पान उलटलं.

मायची अडचण वेगळी होती. नळावर बायका विचारायच्या, पोरगा दुपारीच कसा येतो? तिने दोन दिवस सांगितलं, त्याला बरं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची काकू पपईची पानं घेऊन दारात हजर, डेंग्यूवर चांगली म्हणून. समोरच्या भाऊंनी तर मला कोपऱ्यावर गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं की त्यांच्या मिलमध्ये फोल्डिंगला, साड्यांच्या घड्या घालायला, माणूस हवाय. "लाज नको धरू. शिकलेल्यालाही घेतात."

एका सहकाऱ्याने सुचवलं, संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्येच बसत जा. बसूनही पाहिलं. शिपाई एकेक पंखा बंद करत माझ्या डोक्यावरच्या पंख्यापर्यंत आला आणि बटणावर बोट ठेवून उभा राहिला. उठलो. बागेत वेळ काढून अंधार पडल्यावर घरी जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी काय चोरी केली होती? विद्यापीठात शिकवतो, दिवसाढवळ्या घरी जाणार. मला एवढंच हवं होतं की आबांनी या नोकरीला नोकरी म्हणावं. गल्लीचं मी बघून घेतलं असतं.

पण आबा मनातल्या मनात निराळंच ठरवत होते. एका दुपारी खाटेशी येऊन बसले आणि थेट अहिराणीत विचारलं, "खरं सांग, काढी टाकं का तुले?"

नाही म्हटलं. मग अर्धीच पाळी का देतात? मी परत तासिकांचं सांगू लागलो. त्यांनी मान हलवली, पटल्याची नव्हे, समजल्याची. मिलमधली रीत अशी की नव्या माणसाला जो कामाला लावतो, त्यानेच त्याच्यासाठी बोलायचं. आबांनी आमच्या दोन्ही मामांना असंच लावलं होतं, आणि काम कमी मिळालं तेव्हा ठेकेदाराकडे जाऊन बोलणारेही तेच. माझ्यासाठी बोलणारं कुणी नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. मला मात्र काहीच ध्यानात आलं नाही.

दोनेक दिवसांनी स्टाफरूममध्ये शिपाई आला. म्हणाला, "सर, तमारा पप्पा आव्या छे." कुठे म्हटलं, तर विभागप्रमुखांच्या खोलीत.

धावलो. आबा लग्नाकार्याचा सफारी घालून खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. टेबलावर घारीचा, म्हणजे इथल्या तुपाळ मिठाईचा, डबा. रात्रपाळी करून, न झोपता, दोन रिक्षा बदलून आले होते. विभागप्रमुख साहेब गुजराती, मवाळ माणूस, हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते. आबांची हिंदी मिलमध्ये शिकलेली.

"साहब, लडका कामचोर नहीं है. शरमाता है, इसलिये बोलता नहीं. इसको फुल पाळी दो."

मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. माझी नेमणूक अकरा महिन्यांची, पुढची याच माणसाच्या शेऱ्यावर, आणि त्यांच्यासमोर माझा बाप माझ्यासाठी जादा काम मागत होता.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, इतकी वर्षं या खुर्चीत बसलो, इथे येणारा प्रत्येक जण काम कमी करून घ्यायला येतो. मग माझ्याकडे वळून ते अगदी मायेने एकेक काम सांगू लागले. परीक्षेची बैठकव्यवस्था होती. वेळापत्रक होतं, ज्याच्यावरून आदल्या वर्षी दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. युवक महोत्सव होता. ग्रंथालय समिती तर वर्षभर रिकामीच होती.

"फावशे?" त्यांनी मला विचारलं. जमेल का?

वाचायला वेळ लागतो, हे माझ्या ओठांवर होतं. साहेबांना ते लगेच पटलं असतं. पण आबा खुर्चीवरून किंचित उठून माझ्याकडे बघत होते, मशीन पहिल्यांदा चालू करणाऱ्या नव्या पोराकडे बघावं तसे. ते बोलून मी त्यांना त्या खोलीत खोटं पाडणार नव्हतो.

"फावशे," मी म्हणालो.

आबांनी घारीचा डबा साहेबांकडे सरकवला.

तेव्हापासून मी अंधार पडल्यावर घरी येतो. दुपारचं वाचन आता बसमध्ये होतं, नाहीतर रविवारी. परवा कामाच्या तासांवर शिकवताना मला भर वर्गात जांभई आली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने कळवळून पाण्याची बाटली पुढे केली. समोरच्या भाऊंनी फोल्डिंगची जागा दुसऱ्याला दिली.

एका संध्याकाळी मी गल्लीत शिरत होतो आणि आबा चार जणांबरोबर रात्रपाळीला निघाले होते. मला बघून ते मुद्दाम थांबले.

"आत्ता सुटला?"

"हो. वेळापत्रकाचं काम होतं."

त्यांनी त्या चौघांकडे एकदा पाहून घेतलं. "मना पोऱ्याले टाइमच नही भेटस," ते म्हणाले. इतक्या मोठ्याने की काकूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नोकरी नोकरी झाली होती. मला आतून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चौघे पुढे गेले. आबा दोन पावलं जाऊन परत आले.

"ह्या जादा कामाचा ओव्हरटाइम देतात का?"

तसं काही नसतं, असं मी अनवधानाने बोलून गेलो.

आबांचा चेहरा हळूहळू बदलला. "तू नको बोलू," ते म्हणाले, "तू शरमातो. सोमवारी मला सुट्टी आहे."