स्टाथिसचा डावा गुडघा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, आणि मी त्याच्यापासून काही लपवत नाही असा त्याचा ठाम समज आहे. असू दे बिचाऱ्याचा. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या आठवड्यात जे झालं, त्यानंतर आता पोटात राहीना म्हणून. आणि हो — सांगता सांगता मी विषय बदलते, ती माझी जुनी खोड आहे. तेवढं सांभाळून घ्या.

ग्रीसने फुटबॉलचा युरो कप जिंकला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही जर्मनीत, नेकारसुल्मला राहायचो. मंदार गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. आणि मी — पुण्यात फिजिओथेरपी शिकलेली, हॉस्पिटलात नोकरी करून आलेली मी — इथे एका प्राक्सिसमध्ये, म्हणजे फिजिओच्या दवाखान्यात, पेशंटच्या पाठीखाली गरम चिखलाचे पॅक ठेवायचे आणि चादरी बदलायचे. माझ्या डिग्रीला जर्मनीची मान्यता, ते आनेर्केनुंग, यायचं होतं. ते हातात पडेपर्यंत उपचार म्हणून कुणाला हात लावायचा नाही. लावला आणि कळलं, की अर्ज गेलाच म्हणून समजा. मंदार गमतीने मला ‘चिखलवाली’ म्हणायचा. मी हसायचे. आतून असा संताप यायचा म्हणून सांगू!

स्टाथिस आमच्या वरच्या मजल्यावर. ग्रीक. काम — बास्केटबॉल खेळणं. जवळच्या शहरातल्या एका दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबने त्याला अर्ध्या सीझनमध्ये, जानेवारीत आणला होता. ओळख झाली जिन्यामुळे. आमच्याकडे केअरवोखे असायची — दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आपण पुसायचा. या बाबाने पहिल्याच पाळीला बादलीभर पाणी वरून सोडून दिलं! तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई अशा कडाडल्या, की मी फडकं घेऊन धावले. दोघांनी मिळून जिना कोरडा केला. तेव्हा सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी त्याला घरात बोलावून पोहे दिले आणि स्टाथिस काही जिभेवर बसेना, म्हणून सरळ सतीश करून टाकलं. “वृंदा, सतीश आला का गं? दोन घास जास्त टाक.” आणि तोही मुकाट्याने दारातून वाकून आत यायचा.

पोहे खाता खाता, अर्धं जर्मन, अर्धं इंग्लिश, त्याने सगळं सांगितलं. बाप बंदरात क्रेन चालवायचा. मासळीच्या गोदामाच्या भिंतीवर त्यानेच पोरासाठी लोखंडी रिंग ठोकून दिली. शाळा संपायच्या आत अथेन्सच्या एका मोठ्या क्लबने उचलला, गावाने मिरवणूक काढली — आणि मग वर्षानुवर्षं बाकावर. ट्रॅकसूट घालायचा, टाळ्या वाजवायच्या, परत काढायचा. ‘मोठे खेळाडू माझ्याइतक्या जवळून कुणी पाहिले नसतील,’ असं हसत सांगायचा. मग सायप्रस. मग इटलीतलं कुठलंसं गाव. पुन्हा ग्रीस. दर वर्षी नवा क्लब, नवा नंबर, तीच बॅग. तिशी उलटली होती. बायको आणि दानाई नावाची छोटी मुलगी गावाकडे.

क्लबने त्याला शब्द दिला होता. मार्चअखेरची मॅच जिंकलो, डिव्हिजनमध्ये टिकलो, तर दोन वर्षांचा करार. दोन वर्षं म्हणजे काय, कळतंय ना तुम्हाला? बायको-मुलगी इकडे. मुलगी इथल्या शाळेत. आयुष्यात पहिल्यांदा एका घरात सगळे. त्याने दानाईची खोली रंगवायलाही घेतली होती — पिवळी. सासूबाई वर जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, रंग भडक आहे, पण पोर खूश होईल.

आणि फेब्रुवारीत एक दिवस तो जिना तिरका होऊन उतरताना दिसला. कठड्याला धरून, एकेक पायरी. आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा नंतर दिसतो, आधी चाल दिसते. डावा गुडघा. प्रॅक्टिसमध्ये उडी मारून खाली येताना वळला होता. मी म्हटलं, क्लबच्या डॉक्टरांना दाखव. तो नाही म्हणाला. गुडघा दुखावलेल्या बत्तीस वर्षांच्या माणसाशी कोण करार करेल? मग माझ्याकडे बघून म्हणाला — तू हेच शिकलीस ना?

तिथेच मी हात जोडायला हवे होते. जोडले? छे! मला काय आनंद झाला! दोन वर्षं चिखल उचलल्यावर कुणीतरी मला विचारत होतं. तो मला ‘डॉक्टर’ म्हणायला लागला आणि मी ते म्हणू दिलं.

दुपारी तो यायचा. गालिच्यावर सासूबाईंची गोधडी अंथरायची, त्यावर त्याला आडवा करायचा. पाय गोधडीबाहेर. बर्फ, मसाज, व्यायाम, पट्ट्या. सासूबाई खुर्चीत बसून लक्ष ठेवायच्या आणि हळदीचा लेप लाव म्हणून माझ्या मागे लागायच्या. सूज उतरली. दुखणं कमी झालं. तो धावायला लागला. मंदारला वाटायचं आम्ही गप्पा मारतो. मी इतकी खुशीत होते त्या दिवसांत — भाजीत मीठ दोनदा पडायचं.

आता मॅचच्या आदल्या दिवसाकडे येते. यायलाच हवं.

गुडघ्याच्या आतल्या दोरीसाठी — लिगामेंटसाठी — एक साधी तपासणी असते. एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी आपल्याकडे ओढायची. धड गुडघा ठक्कन थांबतो. आधी सुजेमुळे, स्नायू आखडल्यामुळे मला ती नीट करता आली नव्हती. त्या दिवशी पाय सैल होता. आधी उजवा केला — ठक्. मग डावा.

थांबला नाही. म्हणजे — थांबला, पण उशिरा, आणि मऊ. पुन्हा केला. पुन्हा तेच. हाताला कळलं. शंका नव्हती हो, शंका असती तर बरं झालं असतं! दोरी अर्धी तुटली होती. अर्धी शाबूत होती. खेळ थांबवला असता, तर वाचण्यासारखी होती.

तो गोधडीवरून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, “गुट?” — म्हणजे ठीक आहे ना? — “खेळू?”

त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय आलं, सांगू? त्याची मुलगी नाही. पिवळी खोली नाही. आले ते क्लबचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना आमच्या प्राक्सिसच्याच इमारतीत, आमचे निम्मे पेशंट तेच पाठवायचे. स्टाथिसला ‘नको’ म्हटलं, की तो उद्या त्यांच्यापुढे बसणार. ते विचारणार, इतके आठवडे याला कोण हात लावत होतं? मग माझा अर्ज. मग आयुष्यभर चिखल. पुढच्याच आठवड्यात माझ्या अर्जाचा निकाल लागायचा होता.

मी म्हटलं, “गुट. खेळ.”

आणि वर हसले. हसले मी! त्याचा गुडघा थोपटला, छान पट्ट्या बांधून दिल्या. सासूबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली. तो वाकून त्यांच्या पाया पडला — हे त्यांनीच शिकवलेलं — आणि वर निघून गेला, नीट, सरळ पायऱ्या चढत.

मॅचला त्याने आम्हा तिघांना तिकिटं दिली होती. मला जायचं नव्हतं. डोकं दुखतंय म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, सतीशला वाईट वाटेल. गेले. हॉलमध्ये ढोल, भोंगे, कान फाटायची वेळ. आणि मी? मला बॉल दिसतच नव्हता. मी फक्त डावा पाय बघत होते. तो पळाला की मी श्वास धरायचे, पाय टेकला की सोडायचे. मनात म्हणायचे, जिंकू दे, लवकर संपू दे, सोमवारी मी काहीतरी निमित्त काढून त्याला डॉक्टरकडे पाठवते. खरंच पाठवलं असतं? कोण जाणे. तो सुरेख खेळत होता. बाकावर बसून बसून पाहिलेलं सगळं त्याच्या हातात होतं — स्वतः मारायचा नाही, दुसऱ्याला असा पास द्यायचा की हॉल उभा राहायचा. मंदारने शिट्टी मारली. सासूबाई ‘शाब्बास सतीश!’ ओरडल्या.

शेवटच्या भागात तो डावीकडे वळला आणि पडला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. ओरडलाही नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून, तोंड उघडं, आवाज नाही.

मंदार म्हणाला, “अगं जा ना खाली, तुला यातलं कळतं!” मी उठले नाही. गर्दी आहे म्हणाले. डॉक्टर आहेत ना म्हणाले. डॉक्टर धावत गेले, त्यांनी कात्रीने माझ्या पट्ट्या कापल्या आणि त्याला काहीतरी विचारलं. मी माझे हात जाकिटाच्या खिशात खुपसून बसले होते.

काय विचारलं, ते त्यानेच हॉस्पिटलात सांगितलं. पट्ट्या कुणी बांधल्या? त्याने त्यांना सांगितलं — माझ्या मीच. वर मला म्हणतो, काळजी करू नकोस डॉक्टर, तुझं नाव घेतलं नाही. आणि मी रडायला लागले, तर माझीच समजूत घालायला लागला. तुझा काय दोष? तू बघितलास तेव्हा गुडघा चांगला होता, तो मैदानावर मोडला. असं म्हणाला. मी मान हलवली. हो म्हणून. — ऐकताय ना? मी मान हलवली.

क्लब म्हणाला, याने दुखापत लपवली. कराराचं नावच निघालं नाही. माझी मान्यता आली. मंदारने पेढे करायला लावले, आणि त्यातले चार सासूबाईंनी निघायच्या आधी कुबडीवरच्या स्टाथिसला नेऊन दिले. त्याने माझं अभिनंदन केलं. मे महिन्यात तो गेला. जाण्याआधी घरमालकाच्या नियमाप्रमाणे खोली पुन्हा पांढरी करून द्यावी लागते, ती एका पायावर उभं राहून त्याने स्वतः केली. मी ब्रश धरायलाही वर गेले नाही. तो परत कधी खेळला नाही. बापाच्या ओळखीने बंदरातच कामाला लागला, संध्याकाळी पोरांना शिकवतो.

दर नाताळात त्याचा फोन येतो. डॉक्टर कशी आहे? मम्मा कशी आहे? सासूबाई गेल्या, तेव्हा फोनवर रडला. माझं स्वतःचं प्राक्सिस झालं, तेव्हा तर मला म्हणाला, मी गावात सगळ्यांना सांगतो, या बाईचा हात लागला की गुडघा बोलतो.

म्हणून त्याची मुलगी फिजिओथेरपी शिकली. म्हणून, यंदा प्रॅक्टिकलसाठी कुठे जायचं असं झालं, तेव्हा त्याने मला फोन केला. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

दानाई गेल्या आठवड्यात आली. उंच आहे, बापासारखी दारातून वाकते. दुसऱ्याच दिवशी एक फुटबॉल खेळणारा मुलगा गुडघा धरून आला आणि तिने मला ती तपासणी दाखवायला सांगितली. मी तिचे हात धरून ठेवले — एक मांडीवर, एक नडगीवर. आधी धड पाय. मग दुखरा. तिला फरक कळेना. तिने विचारलं, लिगामेंट तुटलं असेल तर कसं कळतं?

थांबत नाही, मी म्हटलं. नडगी पुढे येत राहते.

“आणि तुम्हाला लगेच कळतं?”

“लगेच,” मी म्हटलं.