लेकीच्या गाडीचं डिफरन्शियल

गल्लीत सगळे त्यांना कानसेन म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपून कमावलं होतं. गाडी दारात आली की ते एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिफरन्शियलच्या पोटाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग गेलंय, डावीकडचं." उघडून बघावं तर डावीकडचंच. मागच्या चाकांमधला तो भोपळ्यासारखा फुगीर डबा आणि त्यातले दाते हा त्यांचा प्रांत. लेक दातांची डॉक्टर झाली तेव्हा ते भेटेल त्याला सांगत सुटले, "घरचाच धंदा चालवतेय. फक्त माझी गिऱ्हाइकं रडत नाहीत."

त्या लेकीने आता चाकांवरचा दवाखाना उभा केला होता. एका ट्रेलरमध्ये खुर्ची, कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी. तो आपल्या पिकअपला जोडून सोमवारपासून ती डोंगरावरच्या वस्त्यांवर जाणार होती. पण पहिल्याच चढावर पिकअपने मान टाकली आणि क्लचचा जळका वास घेऊन ती बापाच्या दारात आली.

"इंजिन ठणठणीत आहे," कानसेन म्हणाले. "ओझं ओढायला डिफरन्शियल बदलायला हवं. आत्ता इंजिनाकडून येणारा दांडा पावणेचार वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. त्या दांड्याचं पिनियन अकरा दात्यांचं आहे, मी नऊ दात्यांचं टाकतो. दांडा साडेचार वेळा फिरेल. गाडी पळेल कमी, पण ओढेल हत्तीसारखी."

"पिनियन ज्यात अडकतं ते मोठं दातेरी चाक तेच ठेवायचं?"

"छे! ते मोठं क्राऊन आणि हे पिनियन जोडीनेच येतात, जोडीनेच जातात. एकाचं दुसऱ्याशी लावून दिलं की जन्मभर कुरकुर."

एक गोष्ट मात्र त्यांनी लेकीला सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांना कमी ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज शेजारी जातो म्हणून बायको करवादायची, तेव्हा ते शेजाऱ्यांनाच नावं ठेवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याचं नावच कानसेन, त्याने कानाच्या डॉक्टरपुढे कुठल्या तोंडाने बसायचं?

शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी जोडी बसवली. दाते एकमेकांत किती खोल बसले ते बघायला एक पिवळा लेप मिळतो. दात्यांना फासायचा, चाक फिरवायचं, डाग कुठे उमटतो ते पाहायचं. कानसेनांच्या लेखी हे नवशिक्यांचं काम. ते हाताने चाचपून बसवायचे आणि रस्त्यावर कानाने पारख करायचे.

लेक गाडी चालवायला बसली, ते शेजारी. काचा वर केल्या. बाजार मागे पडला, मोकळा रस्ता लागला, आणि डिफरन्शियलमधून एक चकार शब्द नाही. कानसेनांचा चेहरा फुलला. इतकी शांत जोडी त्यांच्या हातून आयुष्यात बसली नव्हती.

"बघ! लोणी आहे लोणी!"

लेकीने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, पुन्हा दाबला, पुन्हा काढला. "बाबा, पाय काढला की कुंई करतंय."

"नवी जोडी आहे, बोलणारच थोडी." हे वाक्य त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला कधी ऐकवलं नव्हतं, आणि ते त्यांच्याच जिवाला लागलं.

तिने गाडी कडेला घेतली. समोर बघत ती काहीतरी म्हणाली. ओठ हललेले त्यांनी पाहिले. मग ती वळली आणि उत्तराची वाट बघत राहिली. कानसेनांना कळलं, ती कुंईसुद्धा खरीच होती. असंच चुकीचं बसलेलं पिनियन घेऊन ती चढावर गेली असती, मागे तो अवजड दवाखाना, आणि मध्येच दाते तुटले असते तर?

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "आवाज नाही, म्हणजे जमलं असं वाटलं मला."

लेकीने त्यांचा ग्रीसने काळा झालेला हात हातात घेतला. मग मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी दाढ भरते ना, तेव्हा पेशंटला नुसतं 'बरं वाटतंय का' असं विचारून सोडत नाही. रंगीत कागद चावायला लावते. कुठे उंच आहे ते डाग सांगतो. चला, तुमच्या पेशंटला चावायला लावू."

सगळा रविवार त्यात गेला. तिने हातमोजे घालून, दातांवर फिरवावा तसा पिवळ्या लेपाचा ब्रश त्या दात्यांवर फिरवला. त्यांनी चाक फिरवलं. डाग दात्यांच्या पार मुळाशी उमटला. "खोल बसलंय," दोघं एकदमच म्हणाले. पिनियन बाहेर काढलं, त्यामागची पत्र्याची चकती काढून कागदभर पातळ घातली. पुन्हा रंग. अजून जरा खोल. पुन्हा चकती. तिसऱ्यांदा डाग दात्याच्या मधोमध पडला.

"ट्रेलर आठवडाभर जोडायचा नाही," कानसेन हात पुसत म्हणाले. "नवे दाते आधी रिकाम्या गाडीने रुळू देत. वस्तीवर कळव, सोमवार पुढचा. आणि वेगाचा काटा आता जास्त दाखवेल. साठ दिसेल तेव्हा पन्नासच असेल. तो दुरुस्त करता येतो, पण..."

"पण मी हळू चालवलेली बापाच्या जिवाला बरी, म्हणून करणार नाही," ती हसली.

संध्याकाळी दोघं पुन्हा त्याच रस्त्याला लागली. तिने पाय दाबला, काढला, दाबला, काढला. कानसेनांना कालही काही ऐकू आलं नव्हतं, आजही नाही. ते रस्त्याकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काय?"

तिने मान हलवली. काही नाही.

परत येताना गॅरेजच्या दाराशी ते म्हणाले, "आठवडा हातात आहे तुझ्या. मला कानाच्या डॉक्टरकडे कधी नेतेस?"