खाडीच्या बाजूने पाहिलेला सुभेदार

लढाईच्या त्या जुन्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्यात एका थिएटरात खास खेळ होता, आणि बाळकुमच्या महिपतचा जीव आठवडाभर थाऱ्यावर नव्हता. सुनेने, वर्षालीने, मोबाइलवर जाहिरात दाखवली होती. त्या जाहिरातीत सिनेमातला सुभेदार उजव्या हाताने बंदूक चालवत होता. "मोबाइलवर उलटं दिसतं," महिपत म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

कारण महिपत डावरा. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून बोटं सुजवली, आईने हात पाठीशी बांधून पाहिला. त्याच वर्षी गावात खाडीच्या बांधावर पडदा लावून हा सिनेमा दाखवला. मासे पकडून यायला बापलेकांना उशीर झाला. बांधावर मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून बापाने होडी पडद्याच्या मागेच, खाडीत, उभी केली. तिथून पाहिलेला सुभेदार डाव्या हाताने गोळी झाडायचा, डाव्यानेच सलाम ठोकायचा. "बग, त्यो पन डावराच हाय," बाप म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्याने मास्तरांनाही हेच ठणकावलं. मार थांबला. त्याच हाताने महिपतने चाळीस वर्षं जाळी विणली, आणि हीच गोष्ट सांगून आता तो डावऱ्या नातीला, सान्वीला, धीर देत होता. वर्षाली मात्र पोरीची पेन्सिल रोज उजव्या हातात कोंबायची.

थिएटरात सून आणि नातीच्या मधे तो एका जागी बसेना. पडद्यावर सिनेमाचं नाव आलं, सरळ अक्षरांत. मग सुभेदाराने सलाम केला तो उजव्या हाताने. महिपत खुर्चीत पुढे सरकला.

आणि त्याला आठवलं. होडीतून पाहिलं तेव्हा अक्षरं उलटी होती. त्याने विचारलंही होतं, आणि चौथी शिकलेला, रोज पेपर वाचणारा बाप शांतपणे म्हणाला होता, "शिनेमात तशीच असतात."

म्हणजे मागून सगळं उलटं दिसतं हे बापाला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तो शाळेत जाऊन भांडला होता. महिपतला अंधारात रडू आलं.

"आजोबा, हा तर उजव्या हाताचा," सान्वी हिरमुसून म्हणाली.

"बघितलंस ना? आता हात बदलायचा," वर्षाली म्हणाली.

महिपतने नातीचा डावा हात आपल्या डाव्या हातात घेतला. "वर्षाली, माझा बाप माझ्यासाठी मास्तरांशी खोटं बोललेला," तो म्हणाला. "मला तरी खोटं बोलायला लावू नकोस. हिचा हात सोड."