येते म्हणणारी पोन्नुत्ताई

आमच्या तिरुनेलवेलीकडे घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं असतं. न बोलता निघायचं ते फक्त मयताच्या घरातून. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या डॉक्टर हेमलतांनाही ठाऊक असणार, पण अभ्यासाचे नियम लिहिताना त्यांच्या डोक्यात आलं नाही.

अभ्यास चांगला होता. अर्धांगवायू, मधुमेह, क्षय, मूत्रपिंडाचं दुखणं, आजार कुठलाही असो, नर्स घरी जात राहिली तर रोग्याला फरक पडतो का, एवढंच बघायचं होतं. निम्म्या गावांत आम्ही बसायचं, औषधं तपासायची, हातपाय हलवून घ्यायचे. उरलेल्या गावांत ओट्यापाशी उभ्यानेच प्रश्न विचारायचे. सल्ला नाही, कॉफी नाही, पुन्हा येण्याचा शब्द नाही. फरक दिसला तर सगळ्या तालुक्यात नर्स जाणार होत्या. नाही दिसला तर फेऱ्या बंद.

नुसत्या प्रश्नांची बरीचशी गावं पोन्नुत्ताईकडे आली, थोडी दुसऱ्या नर्सकडे. ही बाई म्हणजे अवघड प्रकरण. अंगाने दांडगी, केसांत अबोलीचा गजरा, आणि तोंड असं की रोगी घाबरून बरा व्हावा. नियम मात्र काटेकोर पाळायची. कधी बसली नाही, घोटभर कॉफी घेतली नाही. फक्त निघताना तोंडातून ‘येते’ जायचं.

अर्ध्या वाटेवर हिशेब लावला, तर दोन्हीकडची माणसं सारखीच सुधारलेली. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. “म्हणजे आपण जातो त्याने काहीच होत नाही,” त्या म्हणाल्या. मला रडू कोसळलं. मग इतकी वर्षं उन्हातान्हात आम्ही काय केलं?

पोन्नुत्ताई उठली. “डॉक्टरम्मा, माझी गावं खोडा. मी तिथे येते म्हणत होते.”

“मग?”

“मग काय? ते वाट बघतात. मी ओरडेन म्हणून गोळ्या खातात. तो शुडलैमुत्तू तर मला दाखवायचं म्हणून दिवसभर लुळा हात भिंतीवर घासत बसतो.”

“नियम वाचला नव्हतास? नोकरी जाईल तुझी!”

“वाचला होता. जिवंत माणसाच्या घरातून मुकाट्याने निघवेना. नोकरी जाऊ दे, फेऱ्या राहू देत.”

तिची गावं खोडली. उरलेल्या गावांत फरक स्वच्छ दिसला आणि फेऱ्या वाचल्या. तिची नोकरी गेली नाही, पण तिला अभ्यासातून काढून बाळंतिणींच्या वॉर्डात धाडलं. खोडलेल्या गावांत मात्र अभ्यास संपेपर्यंत कुणीच जायचं नाही असं ठरलं. मला याचा अजून राग येतो.

तसं सांगून यायला ती निघाली, सोबत मी. शुडलैमुत्तू ताडावर चढून रस काढणारा म्हातारा, आता उजवी बाजू गेलेली, घरात एकटा. आमच्यासाठी त्याने सुंठीची कॉफी झाकून ठेवली होती. पोन्नुत्ताई पहिल्यांदाच ओट्यावर बसली आणि तिने पेला घेतला.

“काय गं तायी, आज कॉफी गोड लागली वाटतं?” म्हातारा म्हणाला.

“अय्या,” आमच्याकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात, “आता इस्पितळाकडून मी यायची नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. कळलं?”

म्हातारा हाताकडे बघत राहिला. “मग हा कुणाला दाखवू?”

तिला खोटा शब्द द्यायचा नव्हता. पेला खाली ठेवला आणि तोंड न उघडता चालू लागली. जीपपाशी पोचलो तोच मागून तो ओरडला, “पोन्नुत्ताई! अगं, मी मेलोय का? सांगून जा की!”

ती थांबली. वळून, कमरेवर हात ठेवून, नेहमीसारखी खेकसली, “ओरडू नका अय्या! येते!”

आणि रविवारी, स्वतःच्या सुट्टीत, बसने गेली.